दुरुस्तीला दिला आणि बिघडून आला

एका भगिनीचं पत्र आलं आहे. लॅपटॉपची बिजागरी सैल झाली म्हणून त्यांनी तो गावातल्या दुकानात दिला. चार दिवसांनी परत आला. बिजागरी घट्ट, पण पडद्यावर उभी हिरवी रेघ आणि तीन-चार कळा मेलेल्या! दुकानदार म्हणतो, "घरी मुलांनी पाडला असेल, वहिनी." यजमान म्हणतात, "जाऊ दे, कटकट नको." या बाई घरी शिकवण्या घेतात. त्यांच्या साऱ्या प्रश्नपत्रिका त्यातच आहेत.

जाऊ देऊ नका, बाई. आधी एक पथ्य पाळा: लॅपटॉप दुसरीकडे उघडायला देऊ नका. दिलात की पहिला दुकानदार बोट दाखवायला मोकळा! पडद्याचे, कळांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी त्याला व्हॉट्सॲपवर लेखी तक्रार पाठवा. काय दिलं, कधी दिलं, काय बिघडलं, एवढंच लिहा. तोंडी भांडण हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. पंधरा दिवसांत फुकट दुरुस्ती किंवा भरपाई मागा. उत्तर आलं नाही, तर मग कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातून बिघाड कशामुळे झाला हे लेखी घ्या.

पावतीवर बारीक अक्षरात 'आमची जबाबदारी नाही' असं छापलेलं असतं, त्याला घाबरून जाऊ नका. दुरुस्तीला घेतलेली वस्तू आपल्या स्वतःच्या वस्तूसारखी जपावी, हे 1872 च्या करार कायद्यातच (कलम 151) सांगितलेलं आहे. मात्र केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क हाच कायदा कारागिराला देतो. तेव्हा वस्तू अजून दुकानातच असेल, तर हमरीतुमरीवर न येता पैसे द्या आणि बिलावर 'तक्रार राखून पैसे दिले' असं लिहा. बिल द्यायला तो नाही म्हणाला, तर तीही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथाच.

दाद कुठे मागायची? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. पुष्कळदा एवढ्यानेच दुकानदार नरमतो. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही लागतोच असं नाही. 'तुम्ही शिकवणीचा धंदा करता, मग ग्राहक कसल्या?' असं कुणी म्हणालं, तर सांगा, पोटासाठी स्वतः राबणारी बाई कायद्याने ग्राहकच आहे.

आता ज्यांचा लॅपटॉप अजून जायचा आहे त्यांच्यासाठी. शिंप्याकडे कापड देताना आपण मोजून देतो ना? तसंच हेही. गल्ल्यासमोर तो चालू करून दाखवा. पाठीवरचा अनुक्रमांक पावतीवर घाला, 'पडदा व कळा चालू' असं लिहून घ्या. चार्जर घरीच ठेवा, अगदी लागलाच तर पावतीवर नोंदवून द्या. फोटो, हिशेब, बारशाचे व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवा. गेलेल्या फोटोंची भरपाई कुठलाही आयोग नीटशी करू शकत नाही. बँकेचा पासवर्ड तर कुणाला सांगूच नका. आणि परत घेताना घाई नको: पडदा, प्रत्येक कळ, चार्जिंग, आवाज, कॅमेरा, सारं तिथेच उभ्या-उभ्या पाहा. मागे रांग खोळंबली तरी खोळंबू द्या.