वारसा सांगायचा की चालवायचा?

जलशांमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर अल-जझरीचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्याने १२०६ साली यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला, हे खरेच आहे. पण तो हाताने काम करणारा कारागीर होता, हा भाग आपण घाईघाईने उरकतो. म्हणूनच आज आपल्या मोहल्ल्यातल्या कारागिराकडे कुणाचे लक्ष नाही.

मोबाइल, इन्व्हर्टर, टीव्हीच्या दुरुस्तीत आपली पुष्कळ मुले आहेत. हातात सफाई आहे, पण शिक्षण उस्तादाच्या बाजूला बसून झालेले. ही चिप काढ, दुसरी लाव, चालते का बघ. अंदाज चुकला की गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि चांगला बोर्ड भंगारात.

मल्टिमीटर व्होल्टेज दाखवतो, पण दोन चिप एकमेकींशी काय बोलतात ते सांगत नाही. ते काम लॉजिक अॅनालायझरचे. आठ चॅनेलचे, २४ मेगाहर्ट्झचे छोटे यूएसबी यंत्र काही शे रुपयांत मिळते. त्याला सिगरॉक प्रकल्पाचे पल्सव्ह्यू हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर जोडायचे. त्यात शंभराहून अधिक डीकोडर आहेत. तारेवरचे शून्य-एक ते टिपते आणि त्यांचा अर्थ लावून पडद्यावर मांडते.

आयटूसीचे उदाहरण घ्या. यात दोनच तारा, एक घड्याळाची, एक माहितीची. आठ बिट गेले की नवव्या बिटाला ऐकणाऱ्या चिपने तार खाली ओढून ‘पोचले’ म्हणायचे असते. ती गप्प राहिली, तर पडद्यावर ‘नॅक’ उमटतो. नॅक आला म्हणून चिप मेली असे नव्हे. तिला वीज पोचते का, सोल्डर सुटले का, पत्ता बरोबर आहे का, हे आधी पाहायचे. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळते. उस्तादाचा अनुभव इथे वाया जात नाही, त्याला पुरावा मिळतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. हे यंत्र फक्त शून्य-एक पाहते. सिग्नल अशक्त की गढूळ, हे कळायला ऑसिलोस्कोप लागतो. आणि घरगुती उपकरणांचे काही बोर्ड थेट मेन्सच्या विजेवर असतात. त्यांना लॅपटॉप जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. शिकणाऱ्याने बॅटरीवरच्या बोर्डापासूनच सुरुवात करावी.

कुणी म्हणेल, पोट भरणाऱ्या पोराला हे कशाला? पोट भरायचे आहे म्हणूनच. नुसते भाग बदलणाऱ्याची जागा उद्या दुसरा कुणीही घेईल. बिघाड का झाला हे दाखवू शकणाऱ्याची मजुरी गिऱ्हाईक कुरकुर न करता देतो.

अडचण पैशाची कमी आणि भाषेची जास्त आहे. माहिती बहुतेक इंग्रजीत. आपल्यातल्या इंजिनिअर मुला-मुलींनी ती सोप्या मराठीत, उर्दूत उतरवावी आणि रविवारी दोन तास दुकानदार पोरांसोबत बसावे. जलशाच्या मंडपावर खर्च करणाऱ्या कमिट्यांनी एका खोलीत जुना लॅपटॉप आणि असे पाच संच ठेवावेत. तहकीक हा शब्द आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. तो वर्कशॉपच्या टेबलावरही लागू होतो.