एक्सएमपी चालू केलं, एवढाच गुन्हा

गेल्या काही आठवड्यांत वाचकांकडून आलेल्या पत्रांचं रडगाणं एकच आहे. प्रोसेसर वॉरंटीत पाठवला, तसाच परत आला, शेरा ‘ओव्हरक्लॉकिंग’. पत्रं लिहिणाऱ्या बहुतेक असेंब्लरांनी मल्टिप्लायरला हातही लावलेला नव्हता. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी तेवढं चालू केलं होतं.

आता गंमत पाहा. रॅमच्या खोक्यावर ठळक ६००० छापलेलं असतं आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीत घासाघीस करून गिऱ्हाईक त्या ६०००चेच पैसे मोजतं. एक्सएमपी बंद ठेवलं की तीच रॅम ४८०० किंवा ५६००वर चालते. दुसऱ्या दिवशी टास्क मॅनेजरचा फोटो येतो, खाली ‘फसवलंत’! चालू केलं, तर इंटेलच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंग, कारण १४९००केची अधिकृत मर्यादा डीडीआर५-५६००. एएमडीचं एक्स्पोही त्याच माळेतलं. ज्या आकड्यावर माल खपवायचा, तो गाठला की वॉरंटी धोक्यात. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दाद मागावी तर ते पोर्टलकडे बोट दाखवतात, आणि पोर्टल पुन्हा काउंटरकडे.

मदरबोर्डवाल्यांनी तर कहर केला. १४९००केची पॉवर मर्यादा २५३ वॉट. अनेक झेड७९० बोर्ड मात्र कारखान्यातूनच ४०९६ वॉटवर, म्हणजे मोकाट सोडलेले. त्याला कोणी ओव्हरक्लॉकिंग म्हणालं नाही. पुढे जुलै २०२४मध्ये इंटेलनेच मान्य केलं, की १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप बिघडण्यामागे मायक्रोकोडने मागितलेलं जादा व्होल्टेज आहे. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड ०एक्स१२९ आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. बॉक्स्ड चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. ट्रे चिपवाल्यांना सल्ला मिळाला, जिथून घेतली तिथे विचारा. म्हणजे दुकानदाराला!

पण आपले व्यवसायबंधूही धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०२३चं बायॉस तसंच ठेवून मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करणारे आजही आहेत. गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ दिसलं की आधी ग्राफिक्स कार्ड बदलतात, मग एसएमपीएस; चिपवर संशय सगळ्यात शेवटी. एकदा खराब झालेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, हे इंटेलनेच सांगितलंय. सिनेबेंचचा आकडा फुगवायला पॉवर लिमिट उडवून देणाऱ्यांनी पुण्यातला मे महिना तरी आठवावा. १९९८ साली सेलेरॉन ३००एची बस ६६वरून १०० केली की ४५० मेगाहर्ट्झ पदरात पडत. ते दिवस गेले. आता चिपमधला बहुतेक वाव कंपनीच वापरून टाकते.

तेव्हा आजपासून मशीन देताना बायॉस अद्ययावत करा, इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज लावा आणि त्या पानाचा फोटो बिलाला जोडा. बिलावर चिपचा सीरियल नंबर हवाच. एक्सएमपी लावणार असाल तर गिऱ्हाइकाला तसं सांगून बिलावर सही घ्या. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. नकाराच्या पत्रांच्या प्रती या मासिकाकडे पाठवा. कंपन्यांकडे खुलासा मागताना त्या सोबत जोडल्या जातील.