पखालीचे दुखणे

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण उफराट्या कारभारासाठी वापरतो. अतिदक्षता विभागातल्या बुरशीबाबत ती उलटी करून वाचावी लागते. तिथे दुखणे खरोखरच पखालीला असते आणि औषध मात्र म्हशीला टोचले जाते. ही पखाल म्हणजे रुग्णाच्या मानेतल्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन किंवा लघवीसाठी लावलेली नळी. तिच्या भिंतीला कँडिडा हे यीस्ट चिकटते, तिथेच बिऱ्हाड करते आणि अधूनमधून चार पेशी रक्तात सोडत राहते. ताप उतरतो, औषध थांबते आणि ताप पुन्हा चढतो.

उन्हाळ्यात माठ आठवडाभर घासला नाही तर आतून हाताला बुळबुळीत लागतो. नळीतला प्रकार त्याच जातीचा. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. पहिल्या काही तासांत पेशी चिकटतात, एक-दोन दिवसांत थरावर थर चढतात आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्याने ही वस्ती लिंपली जाते. या लेपातले ग्लुकान फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला वाटेतच धरून ठेवते. तरीही जे आत शिरते, ते पेशींच्या पटलातले पंप बाहेर फेकतात. तळाशी काही पेशी तर वाढच थांबवून निपचित पडलेल्या असतात. वाढणाऱ्या पेशीला अडवणारे औषध त्यांचे काय बिघडवणार? मोकळ्या पेशी ज्या मात्रेने नमतात, तिच्या शेकडो पट, कधी हजार पट मात्राही या थरापुढे अपुरी पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. याच पेशी थरातून सोडवून पुन्हा मोकळ्या वाढवल्या, की त्यांतल्या बहुतेक पुन्हा औषधाला बळी पडतात. म्हणजे हे बळ पेशीच्या रक्तात भिनलेले नसून बऱ्याच अंशी तिच्या जागेचे आहे.

नेमके इथेच आपले रुग्णालयीन शहाणपण फसते. रक्तातून वाढवलेली बुरशी प्रयोगशाळेत मोकळी तरंगत असताना तपासली जाते आणि अहवालावर ‘सेन्सिटिव्ह’ असा शेरा येतो. तो खोटा नसतो, पण ती साक्ष तरंगणाऱ्या पेशींची असते. नळीत तळ ठोकून बसलेल्यांना कोणी विचारलेलेच नसते. मग औषध लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढते, औषध बदलते आणि नातेवाइकांच्या हाती नवी चिठ्ठी पडते. नळी असते तिथेच. संसर्गाचे मूळ सेंट्रल लाइन असावी असे वाटत असेल आणि ती धोक्याविना काढता येत असेल, तर लवकरात लवकर काढा, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. अत्यवस्थ रुग्णाला किंवा तळहाताएवढ्या नवजात बाळाला दुसरी शीर सापडणे सोपे नसते, हे मान्य. पण अवघड आहे म्हणून प्रश्नच न विचारणे ही वेगळी गोष्ट झाली.

बुरशीविरुद्धचा आपला भाताही तोकडा. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा माणसाच्या पेशीला जवळची, त्यामुळे तिला मारील आणि आपल्याला राखील असे औषध मिळणे कठीण. गंभीर संसर्गात भरवसा आहे तो मुख्यतः तीन कुळांवर: अ‍ॅझोल (फ्लुकोनॅझोल यातलेच), अ‍ॅम्फोटेरिसिन आणि एकायनोकँडिन. बायोफिल्मवर त्यांतली शेवटची दोन, त्यातही अ‍ॅम्फोटेरिसिनचा लायपोसोमल प्रकार, बरी चालतात. पण ती महाग आहेत. 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाच्या रुग्णांचे आप्त अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी वणवण फिरत होते, हे महाराष्ट्र विसरला नसेल. तेव्हा वाहिन्यांनी काळी, पांढरी, पिवळी अशी बुरशीची रंगपंचमी साजरी केली. साथ ओसरली आणि विषयही ओसरला.

बुरशी मात्र ओसरलेली नाही. 2009 मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात प्रथम ओळखली गेलेली कँडिडा ऑरिस आज भारतासह अनेक देशांच्या अतिदक्षता विभागांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये घातक बुरशींची यादी केली, तीत ती सर्वोच्च गटात आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनुसार तिथे तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 90 टक्के फ्लुकोनॅझोलला आणि सुमारे 30 टक्के अ‍ॅम्फोटेरिसिनला दाद देत नव्हते. इथे प्रतिकार जागेचाही आणि पेशीचाही. ही बुरशी खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर आठवडेच्या आठवडे तग धरते आणि रुग्णालयांतली काही नेहमीची जंतुनाशके तिला पुरी पडत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावण लागते. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात 70 रुग्णांपर्यंत ती पोहोचली. शोध घेता घेता बोट गेले ते काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या ताप मोजण्याच्या उपकरणाकडे. ते वापरातून काढल्यावर साथ आटोक्यात आली. पखालच ती, फक्त बाहेरून लावलेली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 मध्येच या बुरशीबद्दल रुग्णालयांना सावध केले होते. पुढचे काम राज्यांचे आणि रुग्णालयांचे आहे. कँडिडा ऑरिसचा प्रत्येक रुग्ण कळवणे राज्याने बंधनकारक करावे, खासगी रुग्णालयांनाही. नेहमीच्या चाचण्यांत ही बुरशी भलत्याच नावाने नोंदली जाते, म्हणून ती अचूक ओळखणारी मॅल्डी-टॉफ यंत्रणा निदान वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्यात हवी. चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या फ्लुकोनॅझोलच्या गोळीवर अन्न व औषध प्रशासनाने एकदा तरी गंभीरपणे नजर टाकावी.

यांतल्या काही गोष्टींना पैसा लागेल, वेळ लागेल. एक गोष्ट मात्र उद्या सकाळच्या राउंडपासून होऊ शकते. रुग्णाच्या उशाशी असलेल्या तक्त्यावर ताप, रक्तदाब, लघवीचे माप यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक आखावा: नळी कोणत्या तारखेला घातली आणि आज ती कशासाठी ठेवली आहे. उत्तर लिहिता आले नाही, तर ती त्याच दिवशी निघावी.