एकाच नावाचे दोघे

वाचकहो, गेल्या दिवाळीला आम्हां शिरूरकरांचा फराळ बीड जिल्हा फिरून आला! बहिणीने डब्यावर नुसते ‘शिरूर’ लिहिले आणि डबा गेला शिरूर कासारला. आमच्याकडची जुनी माणसे गावाला हटकून ‘घोडनदी’ म्हणतात, ती उगीच नव्हे. असले घोटाळे टळावेत म्हणूनच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. आमचे शिरूर ४१२२१०, दौंड ४१३८०१.

यंदा तोच घोटाळा दौंडला, भाच्याच्या दुकानात पाहिला. तो लोकांचे अर्ज संगणकावर भरून देतो. खर्च वाचावा म्हणून त्याने एका संगणकाच्या पोटात दोन ‘आभासी’ संगणक उभे केले. दुसरा पहिल्याची हुबेहूब नक्कल. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. समोर एक मुलगी आणि तिचे वडील. जोडणी मात्र क्षणात येई, क्षणात जाई. मुलीचे डोळे भरून आले.

“मामा, दोघांचा मॅक पत्ता एकच झालाय!” भाचा ओरडला.

हा पत्ता बारा अंक-अक्षरांचा. पहिली सहा आय-ट्रिपल-ई ही संस्था कारखानदाराला नेमून देते, पुढची सहा कारखानदार घालतो. नकलेबरोबर पत्ताही उतरला, की एकाचे टपाल दुसऱ्याच्या दारी! एक दौंडला आणि दुसरा शिरूरला असता, तर तंटा नव्हता. एकाच वाड्यात आले, तेथे बिघडले.

भाच्याने नक्कल बंद केली. अर्ज गेला. मुलगी हसली.

मग त्याने नवे पत्ते केले. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई ठेवायचे. ही ‘पत्ता घरगुती आहे’ अशी खूण. बाकीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. असे सुमारे ७० लाख कोटी पत्ते होतात.

“मग आता काळजी नाही,” मी म्हटले.

“चिठ्ठ्यांवर फार विसंबू नये, मामा. नुसती २३ माणसे जमली, तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याचा संभव निम्म्याहून अधिक!”

म्हणून त्याने खिळ्याला एक वही टांगली आहे. नवा पत्ता द्यायचा तो वहीत पाहून, आणि दिला की लगेच लिहून.

मीही बहिणीला लिहिले आहे: यंदा चकल्या कमी धाड, पण पिनकोड विसरू नकोस!