छातीचा पट्टा आणि घरच्यांचा जीव

आमच्या वस्तीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला आहेत, म्हणून पहाटे शहापूर-मुरबाड रस्त्याच्या कडेला त्याचा सराव चालतो. त्याने ठोके मोजणारा छातीचा पट्टा एका मित्राकडून जुना विकत घेतला. धावायला सुरुवात करताच मोबाईलवर आकडा आला २१४! त्याचे आजोबा हृदयविकाराने गेलेले. आईने आकडा पाहिला आणि रडत धावणेच बंद केले. फॉर्म भरायची वेळ, आणि पोरगा घरात!

रविवारी तो पट्टा घेऊन माझ्याकडे आला. मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण हिशेब जुळत नसला की पुन्हा मोजायचे, एवढे मला कळते. त्याला थोडे धावायला लावले. पट्ट्याने पुन्हा दोनशेच्या वर दाखवले. लगेच मनगटाची नाडी धरून १५ सेकंद मोजली. २८ ठोके आले. चारने गुणले, ११२ झाले. चूक पट्ट्याची होती, पोराच्या काळजाची नव्हे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात विजेची अगदी बारीक लहर उठते. पट्ट्याच्या आतील दोन पट्ट्या ती लहर कातडीवरून टिपतात. कातडी कोरडी असेल तर लहर नीट पोचत नाही, आणि भलतेच आकडे येतात. थंडीच्या पहाटे घाम यायला वेळ लागतो, त्यात पॉलिएस्टरचा सैल टी-शर्ट पट्ट्यावर घासून स्थिर वीज तयार होते. म्हणूनच पुष्कळदा पहिली दहा मिनिटे आकडा खोटा, आणि घाम आला की आपोआप खरा!

तेव्हा बंधूभगिनींनो, पट्टा बिघडला असे वाटले तर क्रमाने पहा. आतील पट्ट्या पाण्याने ओल्या करा. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, घसरणार नाही इतका घट्ट बांधा. घामाचे मीठ साचले असेल तर डबी काढून पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, इस्त्री करू नका. टिचबटणांना गंज आहे का पहा. मग डबीतला सेल बदला. धावून आल्यावर डबी पट्ट्यावरून काढून ठेवावी, नाहीतर ओल्या पट्ट्यावर ती चालूच राहते आणि सेल लवकर संपतो. एवढे करूनही जमले नाही तर मित्राच्या चांगल्या पट्ट्यावर डबी लावून पहा. तिथे आकडा बरोबर आला तर फक्त पट्टा नवा घ्यावा लागेल.

या मुलाचा पट्टा मिठाने कडक झाला होता. धुतला, ओला करून बांधला, आणि आकडा नाडीशी जुळला. आईसमोरच मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा रस्त्यावर!

मात्र एक गोष्ट विसरू नका. छातीत दुखणे, चक्कर, बसल्या जागी धडधड किंवा धावताना शुद्ध हरपणे, यातले काही झाले तर पट्टा धूत बसू नका. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा, ई.सी.जी. काढून घ्या. घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल, तर सरावाआधीच डॉक्टरांना दाखवा. यंत्राचा आकडा खोटा असू शकतो, तसाच तो कधी खराही असतो. म्हणून नाडी मोजायला घरातल्या प्रत्येकाने शिकावे. त्याला पैसा लागत नाही.