कमांडो कोडीला हसण्याआधी

‘रडार मेन फ्रॉम द मून’, १९५२. अमेरिकेत थिएटरात आठवड्याला एक असे १२ भाग दाखवायचे. चंद्रावरचे लोक पृथ्वी जिंकायला निघालेत आणि मोहिमेला पैसेच नाहीत, म्हणून इथले भाडोत्री गुंड दरोडे घालतायत! हसा खुशाल, मीही हसलो.

पण सरसकट ‘टुकार’ म्हणू नका राव. कथा टुकारच आहे. कमांडो कोडीचं उडणं मात्र नाही. तारेवरून सरकणारा पुतळा, खरं आभाळ, खरा उजेड. ही कारागिरी लायडेकर बंधूंची, तीही १९४९च्या ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’साठी केलेली. रिपब्लिक स्टुडिओने तीच दृश्यं इथे पुन्हा चिकटवली. कंजूषपणा स्टुडिओचा, आणि टिंगल होते कारागिरांची? १९५२च्याच ‘झोंबीज ऑफ द स्ट्रॅटोस्फिअर’मध्येही तोच पुतळा उडतोय.