जळक्या ऑइलची भट्टी

माझ्या परसात जळक्या इंजिन ऑइलवर चालणारी भट्टी आहे, आणि तशी भट्टी तुम्ही बांधू नये असं माझं मत आहे.

मिरकरवाड्यात लाँचींची इंजिनं खोलण्यात माझं आयुष्य गेलं. पाण्याच्या पंपाचं साधं झाकण फुटलं की नवं ओतून आणायला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. त्यात आठ दिवस जायचे. सीझनमध्ये बोट आठ दिवस जेटीला म्हणजे मालकाच्या शिव्या फुकट. काम सोडल्यावर मोबाइलवर कुणा परदेशी गृहस्थाची भट्टी बघितली आणि डोक्यात किडा शिरला.

अर्धा कापलेला लोखंडी ड्रम, आतून फायरब्रिक आणि फायरक्ले. बाजूने दोन इंची पाइप तिरका बसवला, म्हणजे ज्योत मुशीवर थेट न आदळता तिच्याभोवती फिरते. पाइपात ब्लोअरची हवा, मधोमध तांब्याची बारीक नळी, आणि झाडाला टांगलेल्या डब्यातून थेंब थेंब ऑइल. पण ऑइल म्हणजे पेट्रोल नव्हे, थंड भट्टीत ते पेटत नाही. आधी करवंट्यांचा जाळ करून विटा लाल करायच्या. तोवर काळाकुट्ट धूर. एकदा विटा तापल्या की थेंबाची पडताक्षणी वाफ होते, धूर सरतो आणि भट्टी घुमायला लागते. त्या आवाजाचं व्यसन लागतं, खोटं का बोला! ६६० अंशांना ॲल्युमिनियम पातळ होतं. त्यासाठी जुने पिस्टन वापरावेत. तो धातू मुळात ओतकामासाठीच बनवलेला असतो. भांडी वितळवून नीट काही होत नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी मुशीत पिस्टन वितळलेले असताना वीज गेली. ब्लोअर थांबला, ऑइल कशाला थांबतंय? ते उंचावरून आपल्या वजनाने येतच होतं. लाल विटांवर त्याची वाफ होऊन झाकणाच्या भोकातून पिवळट धूर निघू लागला. व्हॉल्व्ह मी शहाण्याने भट्टीला चिकटूनच बसवला होता. तिथवर हात नेतोय तोच वीज परत आली, ब्लोअरने हवा फेकली आणि धप्प! झाकण हातभर उडालं. माझ्या भुवया गेल्या, मूस कलंडली नाही हे नशीब. आता वीज गेल्याबरोबर आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे आणि हाताचा व्हॉल्व्ह सहा फुटांवर. मोबाइलवरच्या गृहस्थाकडे वीज जात नसावी.

शिवाय बोटीचं ऑइल. कूलर गळका असला तर त्यात खारं पाणी शिरून ते दुधासारखं होतं. तसलं नळीत गेलं की ज्योत तडतडते, विझते, पुन्हा भडकते. महिनाभर निवळत ठेवून वरचं तेवढंच मी घेतो. तरी मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या आमसुलांवर काजळी उतरलीच. त्या काही बोलल्या नाहीत, आमसुलं उचलून मागच्या अंगणात नेली. मला ते जास्त लागलं.

माझी भट्टी तासाला तीनेक लिटर ऑइल खाते. एका लाँचचं इंजिन एका बदलात पंधरा-वीस लिटर टाकतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी वर ओढलेल्या, सगळी इंजिनं उघडलेली. ते काळं ऑइल कुठे जातं? वाळवी लागू नये म्हणून खांबांना, मेढींना फासतात. काही सेंट्रिंगवाला फळ्यांसाठी नेतो. बोटीच्या तळातलं पाणी उपसताना थोडं समुद्रात जातंच. २०१६च्या नियमांत हा धोकादायक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४पासून तो परत गोळा करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही आली आहे. ऑइल मळतं, संपत नाही. शुद्ध केलं की त्यातून पुन्हा बेस ऑइल निघतं. असला माल आमच्यासारख्या हौशी लोकांनी जाळून टाकणं हा तोटाच.

जून-जुलैत माल एकाच वेळी, एकाच जागी निघतो. जेटीवर झाकणाचे चार ड्रम, पाणी मिसळलेल्यासाठी वेगळा पाचवा, बोटवाल्याला लिटरमागे चार पैसे आणि ऑगस्टमध्ये परवानाधारकाची एक गाडी. एवढ्याला मोठी योजना लागत नाही. ज्यांना ओतकाम शिकायचंय त्या पोरांनी ते आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाणत्या माणसासमोर शिकावं, परसात एकट्याने नको.

गेल्या जूनमध्ये एक खलाशी दोन कॅन घेऊन दारात आला. "काका, भट्टीला होतील." एक निवळत ठेवला. दुसरा दुधाळ निघाला, तो अजून पडवीत आहे.